अण्णांचा हर्निया

आमच्या गल्लीत तीन बाप्यांना एकाच जागेचं दुखणं आहे, आणि तिघांनी ते तीन नावांनी सांगितलंय. शेजारच्या अण्णांचा तो हर्निया. मागच्या आळीतल्या मास्तरांचं ते लघवीचं इन्फेक्शन. समोरच्या वकिलांना तर काही झालेलंच नाही, ते आपले अधूनमधून रक्त तपासून घेतात, हौस म्हणून. खरं काय ते भिंतीवरून कळतं. जुळे सोलापुरातल्या आमच्या सोसायटीत दोन घरांमधली भिंत छातीइतकीच उंच आहे. पलीकडे अक्का, अलीकडे मी. मी शाळेत गणित शिकवायचे म्हणून अक्का मला बाई म्हणतात. त्या घरात कन्नड, बाजारात तेलुगू आणि माझ्याशी मराठी बोलतात. अण्णांवर चिडल्या की तिन्ही एकदम.

परवा त्या भिंतीशी उभ्या राहून चटणीसाठी भाजलेल्या शेंगदाण्यांची फोलपटं पाखडत होत्या. माझा चेहरा बघून म्हणाल्या, "काय ओ बाई, रातभर झोप न्हाय वाटतं."

म्हटलं, लपवून काय करायचंय. ह्यांच्या रक्ताचा रिपोर्ट आलाय, पीएसए अकरा. चारच्या आत असावा म्हणतात.

अक्कांनी सूप खाली ठेवलं. "अकराच? आमच्या ह्यांचा चारशेच्या वर हुता."

"हर्नियाला पीएसए कशाला बघतात, अक्का?"

"कसला हर्निया ओ." त्यांनी मागं वळून बघितलं. अण्णा ओट्यावर पेपर वाचत होते, म्हणजे पेपर समोर धरून कान इकडं लावून बसले होते. "आता बाप्या माणसाच्या आंड काढल्या, हे गल्लीला काय सांगायचं? म्हणून हर्निया."

गोष्ट अशी. अण्णा लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये जॉबर. मिल बंद पडल्यावर चादरीच्या कारखान्यात लागले, तिथंही दिवसभर उभ्यानंच काम. त्यामुळं कंबर दुखली तर कुणाला नवल वाटलं नाही. बाम झाला, पट्टा झाला, तेल चोळणारा झाला. गड्ड्याच्या जत्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीला अण्णा दरवर्षी बाराबंदी घालून उभे असतात. त्या वर्षी एका दुकानाच्या पायरीवर जे बसले ते उठेनात. पोरानं उचलून रिक्षात घातलं. मग एक्सरे, मग रक्त, मग हाडांचा स्कॅन. त्या फिल्मवर मणक्यात काळे ठिपके होते. अक्का म्हणतात, गव्हात किडे दिसावेत तसे.

हे दुखणं, म्हणजे प्रोस्टेटचा कॅन्सर, असंच लबाड आहे. प्रोस्टेट म्हणजे मूत्राशयाच्या खाली, लघवीची नळी वेढून बसलेली छोटीशी ग्रंथी; पीएसए तिच्यातूनच रक्तात येतो. उतारवयात ती बहुतेकांची वाढते, रात्री चारदा उठवते, धार बारीक होते. पण ते नुसतं वाढणं, कॅन्सर नव्हे. कॅन्सर बऱ्याचदा ग्रंथीच्या कडेला वाढतो आणि सुरुवातीला काहीच दुखत नाही. दुखायला लागतं तेव्हा बहुधा तो हाडांत पोचलेला असतो, आणि आपल्याकडं कंबरदुखीवर पहिला इलाज बाम असतो.

डॉक्टरांनी अण्णांपुढं दोन वाटा ठेवल्या. हा कॅन्सर पुरुषी हार्मोनवर जगतो, ते तोडायचं. एक तर दर तीन महिन्यांनी इंजेक्शन, तेही जन्मभर. नाहीतर अंडकोष काढण्याचं छोटं ऑपरेशन, एकदाच. पोरगा म्हणत होता इंजेक्शन घेऊ, कर्ज काढू. अण्णांनी एवढंच विचारलं, "कशानं लौकर उभा राहीन?" ऑपरेशननं हार्मोन काही तासांतच खाली येतं. इंजेक्शनच्या पहिल्या काही दिवसांत ते आधी वर जाऊन मग उतरतं, म्हणून सोबत गोळ्या द्याव्या लागतात. अण्णा म्हणाले, मग कापा.

"आठ दिसात ओ बाई, आठ दिसात कंबर धरायचं बंद झालं. मी सिद्धरामेश्वराला नारळ फोडला."

नारळ फोडावाच, पण एक शिकागोच्या डॉ. चार्ल्स हगिन्स यांच्या नावानंही फोडायला हरकत नाही. हार्मोन तोडलं की पसरलेला प्रोस्टेटचा कॅन्सर आकसतो, हे त्यांनी १९४१ साली दाखवलं आणि त्याबद्दल १९६६ साली त्यांना नोबेल मिळालं. इतकी वर्षं झाली, औषधं बदलली, पण पसरलेल्या आजाराचा पाया अजून तोच आहे.

इथवर अक्का गंभीर होत्या. मग त्यांना हसू फुटलं. "पण गंमत सांगू का? रात्री झोपेतनं उठून बसत्यात. अंगातनं वाफ निघालीय म्हणत्यात. बनियन पिळावं इतका घाम. पंखा फुल्ल, वर खिडकी उघडी. पंधरा मिनिटांनी थंडी वाजतीय, चादर आण. मला पन्नाशीत झालं ते ह्यांना पंच्याहत्तरीत झालं!"

मीही हसले. हसण्यासारखंच आहे, आणि अगदी खरं आहे. पाळी जाताना बाईचं जे होतं, तेच हार्मोन तोडल्यावर बाप्याचं होतं. अंगाची लाही होते, पोट सुटतं, हाडं ठिसूळ होतात, उगाच डोळ्यांत पाणी येतं, चिडचिड होते. अण्णांसारखा मिलचा गडी मालिका बघताना रडतो म्हणून पोरं घाबरली होती. अक्का घाबरल्या नाहीत. त्यांनी डॉक्टरांना विचारून त्यांना कॅल्शियमच्या गोळ्या सुरू केल्या, सकाळी संभाजी तलावाला चक्कर मारायला लावली, रात्रीचं तिखट कमी केलं. दवाखान्यात ह्यातलं कुणी फारसं सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल तर अण्णांनी ऐकलं नाही. बाप्यांच्या ह्या दुखण्यातलं निम्मं ज्ञान बायकांकडं आधीपासून असतं, त्यांना फक्त कुणी विचारत नाही.

आता अण्णा ॲबिराटेरॉन नावाची गोळीही घेतात, सोबत स्टेरॉइडची छोटी गोळी. हिची रीत मोठी विचित्र. छापील डोस दिवसाला चार गोळ्या, त्याही उपाशीपोटी, कारण जेवणाबरोबर घेतली तर ती अंगात कितीतरी पटींनी जास्त शोषली जाते. मग डॉक्टरांनीच उलटा विचार केला की जेवणाबरोबर इतकी शोषली जाते तर कमी गोळी पुरेल का? २०१८ साली ७२ रुग्णांवर तसा प्रयोग छापून आला. हलक्या नाश्त्याबरोबर एक गोळी घेणाऱ्यांचा पीएसए चार घेणाऱ्यांइतकाच उतरला. अण्णांच्या डॉक्टरांनी त्यांना एकावर ठेवलंय. अक्का लगेच भिंतीवरून मला बजावतात, "पण हे आपल्या मनानं करायचं न्हाय हां. माझ्या बहिणीच्या दिरानं ऐकून ऐकून केलं, पायाला सूज, बीपी दोनशे." गोळी कुठलीही असो, बीपी आणि पोटॅशियम तपासत राहावं लागतं.

पैशाचं म्हणाल तर अण्णांचं ऑपरेशन केशरी रेशनकार्डावर, सरकारच्या जीवनदायी योजनेतून झालं. ही योजना २ जुलै २०१२ ला पहिल्यांदा आठच जिल्ह्यांत आली, त्यात आपलं सोलापूर होतं. आता तिला महात्मा फुल्यांचं नाव आहे. सोलापूरकराला पहिल्या फेरीत काही मिळाल्याचा प्रसंग दुर्मीळ, म्हणून मुद्दाम सांगितलं.

मास्तरांची हकिगत अक्कांनी मला सांगितली आणि अक्कांना ती मास्तरीणबाईंनी. मास्तरांचा आजार ग्रंथीतच होता, पण वय बाहत्तर आणि हृदयात आधीच स्टेंट. ऑपरेशन नको, शेक घ्या, असं ठरलं. शेक म्हणजे रेडिएशन. ते बार्शीला घ्यायचे ठरले, नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलला. मुंबईला जायचं तर रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेस, पहाटे दादर, मग धर्मशाळेत जागा मिळते का बघा. त्यापेक्षा वैरागवरून बार्शी बरी.

शेक घेताना काही दुखत नाही. टेबलावर पडायचं, मशीन भोवती फिरतं, काही मिनिटांत संपतं. खरी परीक्षा आधी असते. आतडं रिकामं पाहिजे आणि मूत्राशय भरलेलं पाहिजे, म्हणजे मूत्राशयाचा बराच भाग नि आतडं माऱ्यातून बाजूला राहतात आणि ग्रंथी रोज एकाच ठिकाणी सापडते. म्हणजे ज्या माणसाला लघवी धरवत नाही म्हणून दवाखान्यात आणला, त्यालाच पाऊण लिटर पाणी पाजून सांगायचं, धरून बसा. मास्तर पाणी पिऊन बाकावर बसत. नंबर लांबला की त्यांचा चेहरा बघवत नसे. एकदा मशीनला वेळ लागला, मास्तर उठले, जाऊन आले, आणि पुन्हा पहिल्यापासून बाटली. "वीस शेकात माणूस इतका शिस्तीचा झाला," मास्तरीणबाई म्हणाल्या, "की आता एसटीत खिडकीसाठी भांडत नाही, दाराजवळची सीट मागतो."

नंतर काही आठवडे त्यांना संडासला सारखं जावं लागायचं, आग व्हायची, मग उतरलं. मधूनच कधीतरी रक्त दिसतं, तेवढं राहिलंय.

बार्शीचं नाव निघालं की माझ्यातली बाई जागी होते. १९८७ पासून तिथं गावोगाव फिरून कॅन्सरची नोंद ठेवतात. बार्शी, परंडा, भूम अशा तालुक्यांतल्या खेड्यांतली ही नोंदणी देशातली ग्रामीण भागातली पहिली. बार्शीच्या त्याच हॉस्पिटलनं मुंबईच्या टाटा हॉस्पिटलबरोबर उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, १ लाख ३१ हजारांवर बायका अभ्यासात घेतल्या होत्या, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीसाठी. एका एचपीव्ही चाचणीनं त्या कॅन्सरचे मृत्यू निम्म्यावर आले, हे २००९ साली जगानं वाचलं. अक्कांची बहीण तिकडं दिलेली, तिचीही तपासणी झाली होती. अक्का विचारतात, "मग बाप्यांची का करत न्हाईत अशी गावोगाव?" प्रश्न सरळ आहे, उत्तर तितकं नाही. पीएसए इन्फेक्शननं चढतो, नुसत्या वाढलेल्या ग्रंथीनं चढतो. आणि चाळणीत असेही कॅन्सर सापडतात जे त्या माणसाला जन्मात त्रास देणार नव्हते. मग सापडला म्हणून कापायचं, कापला म्हणून गळती.

गळतीवरून मला माझे थोरले दीर आठवले. ते पुण्यात असतात. रोबोटनं ऑपरेशन झालं हे ते अशा थाटात सांगतात जणू रोबोट ह्यांच्याकडूनच शिकून गेला. "पोटाला पाच बारीक भोकं, तिसऱ्या दिवशी घरी, पीएसए शून्य!" सगळं खरं. उरलेलं जाऊबाईंनी फोनवर सांगितलं. ऑपरेशनवेळी लघवीसाठी घातलेली नळी काढल्यावर पहिले काही महिने खोकला आला की गळायचं, हसू आलं की गळायचं, पिशवी उचलली की गळायचं. लग्नाला गेले ते काळी पँट घालून आणि आत पॅड. पॅड आणायला दुकानात जायची लाज, म्हणून जाऊबाईच आणायच्या, दुकानदार समजायचा त्यांच्यासाठी. ओटीपोटाचे स्नायू आवळायचे व्यायाम फिजिओथेरपिस्टनं शिकवले. तेही बाळंतपणानंतरचे आपलेच व्यायाम. वर्षभरात बरंच सावरलं. दुसरी एक गोष्ट सावरली नाही, आणि ती बोलायची कुणी, हा प्रश्न पडून दोघांनी टीव्हीचा आवाज वाढवलाय. डॉक्टरांनी ऑपरेशनआधी सांगितलं होतं म्हणे. दिरांनी मान हलवली होती, कारण शेजारी सून उभी होती.

दीर ह्यांना फोन करून सांगतात, शून्य म्हणजे शून्य, दुसरं काही करू नको. ह्यांनी मग मास्तरांचा आकडा काढला. शेक होऊन वर्ष झालं तरी मास्तरांचा पीएसए शून्य नाही, म्हणजे शेक वाया गेले, असा निकाल ह्यांनी चहा पिता पिता दिला. मला राग आला. ऑपरेशनमध्ये ग्रंथीच काढतात, मग पीएसए येणार कुठून? शेकात ग्रंथी जागेवर असते; आकडा हळूहळू उतरतो, वर्ष-दोन वर्षं घेतो, आणि सहसा शून्य होत नाही. तळाला गेलेला आकडा दोननं वर चढला तर डॉक्टर काळजी करतात. दोन वेगळ्या पेपरांचे मार्क एका तक्त्यात मांडायचे नसतात, हे बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला मी सांगायचं!

गणिताचंच निघालं तर बायॉप्सीचा रिपोर्ट. त्यात ग्लीसन म्हणून एक बेरीज असते. पेशी कशा दिसतात त्यावरून दोन आकडे देतात. दिरांचे होते ३+४, मास्तरांचे ४+३. शाळेत मी दोन्हींना सात म्हणून बरोबरची खूण केली असती. इथं पहिला आकडा जास्त दिसलेल्या पेशींचा, म्हणून ४+३ हा ३+४ पेक्षा वाईट. बेरीज सारखी, आजार वेगळा.

आणि वकील? त्यांचं ३+३, म्हणजे सहा, एवढंसंच. त्यांना डॉक्टरांनी सांगितलं, काही करायचं नाही, लक्ष ठेवायचं. सहा महिन्यांनी रक्त, मध्ये एमआरआय, गरज पडली तर पुन्हा बायॉप्सी. गल्लीत कुजबुज झाली की पैशापायी टाळतायत. एकानं तर म्हटलं, डॉक्टरनं सोडूनच दिलं. वकिलीणबाई भाजीवाल्यासमोर रडल्या होत्या. पण विलायतेत ह्यावर मोठा अभ्यास झालाय. ग्रंथीतच असलेल्या कॅन्सरचे १,६४३ पुरुष घेतले, कुणावर नजर ठेवली, कुणाचं ऑपरेशन केलं, कुणाला शेक दिले. पंधरा वर्षांनी पाहिलं तर तिन्ही गटांत प्रोस्टेट कॅन्सरनं गेलेले शंभरात तीनच्या आसपास. फरक पडला तो त्रासात. ऑपरेशनवाल्यांना गळती जास्त, शेकवाल्यांना पोटाच्या तक्रारी. नजर ठेवलेल्यांत आजार पसरल्याची उदाहरणं जास्त निघाली आणि पुढं त्यांतल्या अनेकांनी इलाज घेतलाच, तेव्हा हेही फुकटचं नाही. वकिलांना झोप लागते का, हे मात्र आकड्यांत येत नाही. रात्री दोनला त्यांच्या दिवाणखान्यातला दिवा मी बघितलाय.

म्हणून कुणी मला विचारलं की कुठला इलाज चांगला, तर मी विचारते, कुणाचा आजार? अण्णांना वकिलांसारखं थांबवलं असतं तर ते आज ओट्यावर नसते. वकिलांना अण्णांसारखं कापलं असतं तर तो शुद्ध अन्याय झाला असता. पण प्रत्येकजण आपला इलाज असा शिफारस करतो जणू त्यात त्याला कमिशन आहे. त्यातून टोमॅटोवाले, काढावाले, गोमूत्रवाले वेगळेच. आमच्या सासूबाईंच्या भाच्यानं पाठवलेली काढ्याची बाटली मी गुलाबाला घातली. गुलाब बरा आहे.

मोठ्यांचंही हेच. नेल्सन मंडेलांना २००१ साली हा कॅन्सर निघाला, त्यांनी शेक घेतले, आणि २०१३ साली गेले तेव्हा ९५ वर्षांचे होते. अमेरिकेचे अध्यक्ष राहिलेले बायडेन. त्यांचा मे २०२५ मध्ये कळला तेव्हा हाडांत पोचला होता. हे ऐकल्यापासून अण्णांचा रुबाब वाढलाय. "बायडेनचं अन् माझं शेम," असं ते पोराला सांगतात. हर्नियाचं सोंग तिथंच सुटलं खरं तर.

ह्यांचं अजून काहीच ठरलेलं नाही. पीएसए पुन्हा करायचाय, मग एमआरआय, मग लागली तर बायॉप्सी. सख्ख्या भावाला असलं की आपली शक्यता दुपटीच्या आसपास जाते, म्हणून डॉक्टर टाळू नका म्हणाले. मी हे सगळं भिंतीवरून अक्कांशी बोलत असताना हे खिडकीच्या पडद्याआड उभे होते. पडद्याखाली पाय दिसत होते.

अण्णांनी पेपर घडी केला आणि भिंतीशी आले. "साहेब, पडद्यातनं काय ऐकालाव? बाहेर या की."

हे आले. दोघं वीस वर्षं शेजारी आहेत. पाऊस, मॅच आणि पाण्याचा दिवस सोडून कशावर बोललेले मला आठवत नाहीत.

"बायॉप्सीची सुई सुटताना टक् म्हणून आवाज येतोय, दचकू नका. बारा येळा येतोय. नंतर दोन-चार दिस लघवीला लाल होतंय, त्येला भ्यायचं न्हाय. ताप आला तर मात्र सकाळची वाट बघायची न्हाय, रात्रीच दवाखाना." मग आवाज उतरवून, पण आम्हा दोघींना ऐकू जाईल इतकाच, "अन् डॉक्टर इचारल, बाकी कसं हाय, तवा मान हलवू नका. सुनेला बाहेर घालवा अन् खरं सांगा. मी न्हाय सांगितलं, चूक केली."

हे म्हणाले, "अण्णा, तुम्हाला त्रास होतो का अजून?"

"रात्री वाफ निघतीय. हिला इचारा, हिला सगळं ठावं हाय."

आता सोमवारी मास्तर तपासणीला बार्शीला निघालेत, वकिलांच्या गाडीतून. हे रिपोर्ट दाखवून दुसरं मत घ्यायला बरोबर जाणार. अण्णाही निघालेत, कामाशिवाय, सोबत म्हणून. एका गाडीत चार प्रोस्टेट. अक्कांनी कडक भाकरी आणि चटणीची पुडी बांधायला घेतलीय आणि वकिलांना भिंतीवरूनच ओरडून सांगितलंय, "वैरागला थांबायचं, पानगावला थांबायचं, अन् मास्तर म्हणतील तिथं थांबायचं. कुणी पाण्याची बाटली कमी आणली तर बघा!"